कनेक्शन बंद करायला सांगितले, त्याची तारीख लेखी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोस्टपेड मोबाइल कनेक्शन घ्यायला आज पंधरा मिनिटे पुरतात. आधार, फोटो, ओटीपी, झाले. अ‍ॅपवरून मागवले तर सिम घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यापर्यंत घरपोच येते. तेच कनेक्शन बंद करायला निघालेल्या माणसाला मात्र दोन-दोन, तीन-तीन बिले भरत बसावे लागते. ठाणे आणि नवी मुंबईत अशा तक्रारींचे कागद पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वाद बिलाच्या आकड्यावर सुरू होतो आणि अडतो तारखेवर. "बंद करा" असे ग्राहकाने नेमके कधी सांगितले, याचा पुरावा त्याच्याकडे नसतो. फोनवर सांगितलेले असते, दुकानात सांगितलेले असते, पण तारीख घातलेला एकही कागद किंवा एसएमएस हाती नसतो. तारीख नाही, म्हणून मुदतही सुरू होत नाही.

नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. कनेक्शन बंद करण्याची प्रत्येक विनंती सात दिवसांत पूर्ण झाली पाहिजे, असे बंधन त्यांत आहे. अनामत रक्कम परत करायला ४५ दिवस दिले आहेत. पूर्वी ही मुदत ६० दिवसांची होती. प्रतिनिधीशी बोलण्याचा पर्याय निवडल्यावर ९५ टक्के कॉल ९० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत, हेही त्यातच आहे. पण सात दिवस मोजायचे कुठून? कंपनी म्हणते, आमच्या सिस्टिममध्ये विनंती नोंदली गेली त्या दिवसापासून. गोम इथेच आहे, कारण ती अनेकदा नोंदलीच जात नाही.

अ‍ॅप उघडून पाहा. प्लॅन वाढवा, घरच्यांचे नंबर जोडा, परदेशी रोमिंग चालू करा, ओटीटी घ्या, सगळ्याला बटण आहे. कनेक्शन बंद करण्याचे बटण सहसा सापडत नाही. "मदत" या विभागात तीन-चार पायऱ्या खाली गेले की चॅट उघडतो आणि चॅट पुन्हा कस्टमर केअरकडे बोट दाखवतो. कस्टमर केअरचे दोन नंबर असतात हेही अनेकांना ठाऊक नसते. १२१ हा चौकशीचा. त्यावर प्रतिनिधीशी बोलायला पैसे पडू शकतात. १९८ हा तक्रारी आणि सेवा-विनंत्यांसाठीचा निःशुल्क नंबर. बंद करण्यासाठी फोन १९८ वरच करावा, आणि जो नंबर बंद करायचा त्याच नंबरावरून करावा, म्हणजे ओळख पटवण्यात वेळ जात नाही.

प्रतिनिधी नम्रपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "तुमची रिक्वेस्ट घेतली आहे सर, आमच्या टीमचा तुम्हाला कॉल येईल." हा कॉल ग्राहक टिकवून ठेवणाऱ्या विभागाचा असतो, त्यांच्या भाषेत रिटेन्शनचा. तो त्यांच्या सोयीने येतो. सकाळी सव्वानऊच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोली ते रबाळेच्या दरम्यान एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला अनोळखी नंबर उचलता येत नाही. दोन-तीनदा कॉल लागला नाही की "ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही" असा शेरा मारून ती विनंतीच निकाली काढली जाते. ग्राहक मात्र आपण सांगून ठेवले आहे या समजुतीत असतो आणि पुढचे बिल आल्यावर चक्रावतो.

कॉल उचलला तरी सावध राहावे लागते. दोन महिने भाड्यात सूट, जास्त डेटा, स्वस्त प्लॅन अशा ऑफर पुढे येतात. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय नाही. माणूस म्हणतो, "बरं, बघतो", "घरी विचारून सांगतो". त्याच्या दृष्टीने तो नकार असतो. समोरचा तो होकार म्हणून लिहून घेतो आणि विनंती मागे घेतल्याची नोंद होते. म्हणून या कॉलवर तीनच वाक्ये बोलावीत: मला कोणतीही ऑफर नको, कनेक्शन बंद करण्याची माझी विनंती कायम आहे, विनंती क्रमांक आणि तारीख आत्ता एसएमएसने पाठवा. एसएमएस येईपर्यंत फोन ठेवू नये. कारण विचारले तर "वैयक्तिक" एवढे पुरे. "नेटवर्क येत नाही" असे कारण दिले की प्रकरण तांत्रिक विभागाकडे जाते, इंजिनिअरचा फोन येईपर्यंत थांबा असे सांगितले जाते आणि आणखी आठवडा जातो.

दुकानाचा मार्ग बरा, पण कोणत्या दुकानाचा ते पाहावे. स्टेशनबाहेर छत्री लावून बसणारा किंवा चार कंपन्यांची सिम विकणारा दुकानदार नवे कनेक्शन देऊ शकतो, बंद करू शकत नाही. कंपनीचे स्वतःचे दालन शोधावे. तिथेही "हे ऑनलाइनच होतं" किंवा "मॅनेजर नाहीत, सोमवारी या" असे ऐकायला मिळते. तोंडी बोलण्यात वेळ न घालवता घरून लिहिलेल्या अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक त्यांना द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. शिक्का द्यायला नकार मिळाला तर भांडू नये. त्याच दिवशी अर्जाचा फोटो कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा, मजकुरात "आज अमुक दालनात अर्ज दिला, पोच देण्यास नकार मिळाला" एवढे लिहावे, आणि एक प्रत स्पीड पोस्टाने नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर धाडावी. हा पत्ता बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो. पोस्टाची पावती आणि वेबसाइटवरची पोहोचल्याची नोंद दोन्ही जपून ठेवाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत "तक्रार" आणि "सेवा-विनंती" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन बदलणे, सेवा चालू किंवा बंद करणे, कनेक्शन कायमचे बंद करणे हे सगळे सेवा-विनंतीत मोडते. अपील मात्र तक्रारीवर करता येते, सेवा-विनंतीवर नाही. त्यामुळे होते असे, की ग्राहक महिनाभरात पाच वेळा फोन करतो, पाच विनंती क्रमांक जमवतो, आणि अपिलाला गेल्यावर त्याला सांगतात की तुमची तक्रार नोंदलेलीच नाही. यावर उपाय साधा आहे. विनंती दिल्यापासून आठव्या दिवशी १९८ वर पुन्हा फोन करावा आणि स्पष्ट सांगावे, "अमुक तारखेला दिलेली बंद करण्याची विनंती सात दिवसांत पूर्ण झाली नाही, याबद्दल माझी तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक द्या." "तक्रार" आणि "डॉकेट क्रमांक" हे दोन शब्द तोंडातून गेलेच पाहिजेत. डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, एसएमएसने देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्यावर ठरल्या मुदतीत निकाल लागला नाही, किंवा लागलेला पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. फी नाही, वकील नको, ईमेलवर चालते. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. हे प्राधिकरण कंपनीचेच असले तरी त्याला सल्ला देणाऱ्या दोन जणांच्या समितीत एक सदस्य ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संस्थेचा असतो. बहुतेक प्रकरणे अपील दाखल होताच हलतात, असा अनुभव आहे. तरी फार थोडे लोक तिथवर जातात, कारण त्यांच्याकडे विनंती क्रमांक असतो, डॉकेट नसतो.

बिलाकडे वळू. समजा महिन्याचे भाडे ४९९ रुपये आहे, बिलाची सायकल १ ते ३० तारखेची आहे आणि कनेक्शन १२ तारखेला बंद झाले. दिवसांच्या हिशेबाने भाडे १९९ रुपये ६० पैसे होते. १८ टक्के जीएसटी धरून २३५ रुपये ५३ पैसे. पूर्ण महिना लावला तर तेच ५८८ रुपये ८२ पैसे. फरक साडेतीनशे रुपयांचा, आणि त्यासाठी कोण भांडत बसणार, यावरच सगळे चालते. काही प्लॅनच्या अटींत शेवटच्या महिन्याचे पूर्ण भाडे लागेल असे लिहिलेले असते. ते आधी वाचावे, आणि तसे असेल तर सायकल संपायच्या आठ-दहा दिवस आधी अर्ज द्यावा. मध्येच दिला तर पैसे वाया जातात. बिलावर "भाड्याचा कालावधी" ही ओळ शोधावी. भाडे आगाऊ आकारले असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागता येतात, पण ते आपणहून येतातच असे नाही. रोमिंग किंवा परदेशी कॉलसाठी कधी काळी अनामत भरलेली असते आणि माणूस ती विसरून जातो. पहिल्या बिलात किंवा अ‍ॅपच्या खाते तपशिलात तिचा आकडा सापडतो. अंतिम बिलात ती वजा झाली आहे की नाही ते पाहावे, आणि सगळे फिटल्यावर "थकबाकी नाही" असे पत्र ईमेलवर मागून घ्यावे. हे पत्र नसेल तर दोन वर्षांनी वसुली एजन्सीचा फोन येतो, तेव्हा सांगायला काही उरत नाही.

बिल भरणे थांबवले की कनेक्शन आपोआप बंद होते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो महागात पडतो. आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे. मधल्या काळात भाडे आणि विलंब शुल्क चढत राहते, मग वकिलाच्या नावाने नोटीस येते. सिम काढून कपाटात टाकले, कात्रीने कापले, ई-सिम फोनमधून पुसले, तरी कनेक्शन चालूच असते. ऑटोपेचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून किंवा यूपीआयवरून ठरलेली रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना आली पाहिजे आणि ती परवानगी केव्हाही मागे घेता आली पाहिजे. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो, तिथून ती रद्द होते. पण ऑटोपे रद्द करणे म्हणजे पैसे कापणे थांबवणे, कनेक्शन बंद करणे नव्हे. क्रम असा ठेवावा: आधी अर्ज, मग ऑटोपे रद्द, मग अंतिम बिल स्वतः हाताने भरणे.

एका बिलावर घरातले तीन-चार नंबर असतील तर मुख्य नंबर कोणाचा ते पाहिल्याशिवाय हात लावू नये. मुख्य नंबर बंद केला की जोडलेले नंबरही बंद होऊ शकतात किंवा महागड्या स्वतंत्र प्लॅनवर जातात. आधी दुसऱ्या नंबरला मुख्य करून घ्यावे. मोबाइल, फायबर आणि डीटीएच एकाच बिलात असेल तर अर्जात कोणता भाग बंद करायचा ते नंबरनिशी लिहावे. फायबर बंद करताना राउटर आणि अ‍ॅडॉप्टर परत दिल्याची पावती घ्यावी, आणि तिच्यावर राउटरचा सिरियल नंबर लिहून घ्यावा.

मुळात नंबर ठेवायचा आहे की सोडायचा, हे आधी ठरवावे. पुष्कळांना नंबर हवाच असतो, फक्त पोस्टपेडचे बिल नको असते. त्यांनी बंद करण्याच्या फंदात पडू नये. त्याच कंपनीत प्रीपेडवर जावे. २०२१ च्या सुधारणांनंतर हे ओटीपीवर होते. नाहीतर नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यावा. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहून १९०० वर एसएमएस केला की आठ अक्षरी कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. देय तारीख उलटलेले बिल थकलेले असेल, सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील, किंवा सात दिवसांत सिम बदललेले असेल, तर कोड मिळत नाही. सात दिवसांची ही अट १ जुलै २०२४ पासूनची, सिम-स्वॅपची, म्हणजे आपल्या नंबरचे सिम दुसऱ्यानेच काढून घेण्याची, फसवणूक रोखण्यासाठी घातलेली. हरवलेले सिम नुकतेच नवे घेतले असेल तर तेवढे थांबावे.

ठाणे आणि नवी मुंबई दूरसंचाराच्या दृष्टीने मुंबई सर्कलमध्ये, म्हणजे मुंबईच्या सेवा-क्षेत्रात, येतात. इथला नंबर इथेच दुसऱ्या कंपनीकडे न्यायला कामाचे तीन दिवस लागतात. पण नाशिक, पुणे, साताऱ्याहून इथे नोकरीला आलेल्यांचे नंबर बहुधा महाराष्ट्र सर्कलचे असतात. ते इकडे आणायला पाच दिवस. मधल्या सुट्ट्या धरल्या तर आठवडा जातो, तेवढ्या काळात बँकेचे मोठे व्यवहार काढू नयेत. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल येते. ते भरले नाही तर जुनी कंपनी नोटीस देऊन नव्या कंपनीकडचा नंबरही बंद करायला लावू शकते. "आता माझा त्यांच्याशी संबंध नाही" असे म्हणून ते बिल फेकून देणाऱ्यांचे नंबर याच कारणाने जातात.

नंबर कायमचा सोडायचा असेल, तर अर्ज देण्याआधीचा आठवडा खरा कामाचा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही. त्यानंतर तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. तुमच्या बँकेचा ओटीपी मग त्याच्या फोनवर वाजेल. म्हणून आधी आधारवरचा नंबर बदलावा. हाच वेळ खाणारा टप्पा ठरू शकतो. आधारचा नंबर बदलला की बाकी बरेच सोपे होते. मग बँका, डिमॅट, पीएफ, पॅन, गॅस, वीजबिल, फास्टॅग, रेल्वे तिकिटाचे खाते, सोसायटीच्या गेटचे अ‍ॅप. बँकेत नंबर बदलल्याचा एसएमएस नव्या नंबरावर आल्याशिवाय जुना सोडू नये. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबर बदलण्याची सोय सेटिंगमध्येच आहे, ती जुने सिम चालू असतानाच वापरावी. ईमेलच्या दुहेरी सुरक्षेत जुना नंबर राहून जातो, आणि तोच पुढे सर्वांत जास्त छळतो.

घरातल्या माणसाच्या निधनानंतरचे प्रकार पाहून मात्र मनाला फार लागते. मृत्यूचा दाखला हातात घेऊन आलेल्या मुलीला "कस्टमरला स्वतः यावं लागेल" असे काउंटरवर सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याला आपण काय बोललो ते कळतही नाही. तो पडद्यावरची ओळ वाचत असतो. पालिकेकडून मिळालेला मृत्यूचा दाखला, वारसाचे ओळखपत्र आणि नाते दाखवणारा कागद एवढ्यावर नंबर वारसाच्या नावे करता येतो किंवा बंद करता येतो. आमचे सांगणे असे, की घाईने बंद करू नये. बँक, विमा आणि पेन्शनची कामे त्याच नंबरावर येणाऱ्या संदेशांवर अडलेली असतात. आधी नंबर वारसाच्या नावे करून घ्यावा, कामे उरकावीत, मग बंद करावा. कंपन्यांनी अशा अर्जांसाठी प्रत्येक दालनात एक माणूस तरी नेमावा आणि त्याला हे नियम शिकवावेत. एवढी माणुसकी मागणे जास्त नाही.

ऐरोली, महापे, बेलापूरच्या कार्यालयांत नोकरीसोबत मिळालेले नंबर कंपनीच्या नावावर असतात. नोकरी सोडल्यावर तो नंबर आपला व्हावा असे वाटत असेल तर राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच एचआरकडून ना-हरकत पत्र घ्यावे. शेवटचा दिवस उलटल्यावर कोणी दाद देत नाही.

आणखी एक मार्ग फार कमी लोक वापरतात. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसते. आपल्या नावावरचा कोणताही चालू नंबर टाकून ओटीपी दिला की यादी येते. प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय असतात: माझा नंबर नाही, गरज नाही, गरज आहे. स्वतःचाच जुना नंबर असेल तर "गरज नाही" निवडावे. "माझा नंबर नाही" हे फसवणुकीच्या संशयासाठी आहे, ते खोटेपणाने निवडू नये. यातून थकबाकी माफ होत नाही, पण संदर्भ क्रमांक मिळतो, आणि तारीख असलेली सरकारी नोंद हाती येते. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ कनेक्शन असू शकतात. विसरलेली जुनी कनेक्शनही त्यात मोजली जातात.

कंपनीच्या अपिलातही काही झाले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवून वेळ घालवू नये. मोबाइलच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे अजूनही काही दालनांत ठासून सांगितले जाते. २००९ च्या एका निकालामुळे तसा समज होता खरा. पण १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाला असा अधिकार आहे, हे स्पष्ट केले. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वाशी, नेरूळ, बेलापूरकरांचा जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यात येतात, त्यामुळे तिथल्या रहिवाशांचा आयोग अलिबागला. पत्ता "नवी मुंबई" लिहिलेला असला तरी जिल्हा तपासून घ्यावा. चुकीच्या आयोगात गेलेली तक्रार परत येते.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवण्यासाठी केलेल्या अ‍ॅप-वेबसाइटच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत आणि "सबस्क्रिप्शन ट्रॅप" हा त्यांपैकी एक आहे. सेवा रद्द करणे अशक्य किंवा किचकट करून ठेवणे आणि रद्द करण्याचा पर्याय लपवणे, हे त्याच्या व्याख्येतच बसवले आहे. वर सांगितलेले अ‍ॅपचे वर्णन या व्याख्येशी ताडून पाहावे. ज्या पडद्यावर "प्लॅन वाढवा" आहे, त्याच पडद्यावर "कनेक्शन बंद करा" असावे. ते दाबताच तारीख, वेळ आणि क्रमांक असलेला एसएमएस यावा, आणि तो मराठीत यावा. रिटेन्शनचा कॉल कंपनीने खुशाल करावा, पण तो उचलला नाही म्हणून विनंती निकाली काढता येऊ नये. सातव्या दिवशी भाडे थांबलेच पाहिजे, मग कंपनीचे आतले काम पूर्ण होवो न होवो. ट्रायने "सेवा-विनंती" आणि "तक्रार" यांतला फरक बंद करण्याच्या विनंतीपुरता तरी काढून टाकावा आणि आठव्या दिवशी ती आपोआप तक्रार म्हणून नोंदली जावी. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. नवे सिम देताना काही मिनिटांत ओळख पटवणारी यंत्रणाच याला पुरते.

हे होईपर्यंत वाचकांच्या उपयोगासाठी अर्जाचा मजकूर देत आहोत. तो हाताने लिहिला तरी चालतो.

"प्रति, ग्राहक सेवा विभाग. विषय: पोस्टपेड मोबाइल क्रमांक (दहा आकडे) कायमचा बंद करणे. माझ्या नावावरील वरील क्रमांक आज दिनांक (तारीख) पासून बंद करावा, ही विनंती. मला कोणतीही सवलत वा पर्यायी प्लॅन नको. त्यासाठी कॉल लागला नाही या कारणाने ही विनंती रद्द समजू नये. सात दिवसांत सेवा बंद करून बंद झाल्याच्या दिवसापर्यंतचे अंतिम बिल द्यावे. माझी अनामत रक्कम रु. (आकडा) त्यात वजा करून उर्वरित रक्कम खालील बँक खात्यात ४५ दिवसांत जमा करावी व थकबाकी नसल्याचे पत्र खालील ईमेलवर पाठवावे. यापुढील संपर्क (दुसरा नंबर) वर करावा. सोबत: ओळखपत्राची स्वाक्षरी केलेली प्रत, मागील बिल. सही, नाव, पत्ता, तारीख."

ओळखपत्राच्या प्रतीवर "फक्त कनेक्शन बंद करण्यासाठी" असे तिरके लिहून त्यावर सही करावी, म्हणजे तीच प्रत वापरून दुसरे सिम निघणार नाही.

आपले,
ग्राहक मार्गदर्शनाचे काम करणारे काही कार्यकर्ते,
नौपाडा (ठाणे) व नेरूळ (नवी मुंबई)